'ड्यून'च्या विश्वात प्रवेश कोठून करावा?

१

फ्रँक हर्बर्ट (१९२०–१९८६) ह्या अमेरिकन लेखकाची 'ड्यून' ही कादंबरी १९६५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. तत्पूर्वी तिचा मजकूर 'ॲनालॉग' मासिकातून, १९६३ च्या डिसेंबरपासून १९६५ च्या मेपर्यंत, दोन कथामालांच्या रूपाने खंडशः येऊन गेला होता. वीसहून अधिक प्रकाशकांनी नाकारलेले हे हस्तलिखित अखेरीस फिलाडेल्फियाच्या चिल्टन ह्या संस्थेने स्वीकारले. ही संस्था मुख्यतः मोटारदुरुस्तीच्या पुस्तकांबद्दल ख्यात होती. पुढे ह्याच कादंबरीला पहिले 'नेब्युला' पारितोषिक मिळाले आणि १९६६ चे 'ह्यूगो' पारितोषिकही विभागून मिळाले. हर्बर्टने स्वतः ह्या मालेत एकंदर सहा कादंबऱ्या लिहिल्या. त्यांपैकी शेवटची १९८५ ची. त्याच्या मृत्यूनंतर त्याचा पुत्र ब्रायन हर्बर्ट आणि केव्हिन जे. अँडरसन ह्यांनी १९९९ पासून पूर्वकथा व उत्तरकथा लिहावयास आरंभ केला, आणि आज ह्या विश्वातील ग्रंथांचे एक लहानसे कपाट सहज भरेल. त्यांत वर्णिलेला कल्पित इतिहास पंधरा हजार वर्षांहून अधिक काळाचा आहे.

एवढ्या पसाऱ्यासमोर उभ्या राहिलेल्या नव्या वाचकाचा पहिला प्रश्न स्वाभाविक असतो : आरंभ कोठून करावा? १९८४, २०२१ व २०२४ ह्या वर्षी आलेल्या चित्रपटांमुळे हा प्रश्न आपल्याही विद्यार्थ्यांच्या तोंडी वारंवार येऊ लागला आहे. वरवर पाहता हा प्रश्न केवळ सोयीचा वाटतो. प्रस्तुत लेखकाचे मत असे की, तो समीक्षेचा प्रश्न आहे. कल्पित विश्वाची कुळे, युद्धे, धर्म, परिभाषा ह्यांचा जो कथासंभार ग्रंथकार उभा करतो, तो वाचकाने कोणत्या क्रमाने आत्मसात करावा ह्यावर त्या संभाराचा अर्थच अवलंबून असतो. 'ड्यून'च्या बाबतीत तर हे विशेषच खरे आहे. कारण एखाद्या समाजाचा कथासंभार कोण निर्माण करतो, कशासाठी करतो आणि त्यावर विश्वास ठेवणाऱ्यांचे काय होते, हाच ह्या कादंबरीचा विषय आहे.

कथानक थोडक्यात सांगावयाचे तर असे. अराकिस नावाच्या वाळवंटी ग्रहावर 'मेलांज' हा मसाला मिळतो. आयुष्य वाढविणारा आणि आंतरतारकीय प्रवास शक्य करणारा हा पदार्थ अन्यत्र कोठेही मिळत नाही. सम्राटाने हा ग्रह हार्कोनेन घराण्याकडून काढून आट्रेडीझ घराण्यास दिला, आणि मग दोघांनी मिळून आट्रेडीझांचा घात केला. त्या घराण्याचा पंधरा वर्षांचा वारस पॉल आपली आई जेसिका हिच्यासह वाळवंटात पळतो, तेथील फ्रेमेन लोकांत मिसळतो, त्यांचा प्रेषित बनतो आणि सम्राटाला नमवितो. एवढेच पाहिले तर ही एका राजपुत्राची विजयकथा आहे. ती तशी नाही, हे कळण्यासाठी मात्र योग्य दाराने आत शिरावे लागते.

२

नवागताला साधारणपणे तीन मार्ग सुचविले जातात.

पहिला मार्ग घटनांच्या कालक्रमाचा. जे आधी घडले ते आधी वाचावे, ह्या न्यायाने २००२ ते २००४ मध्ये आलेल्या तीन पूर्वकथांपासून आरंभ करावा असे हे मत आहे. यंत्रांविरुद्धचे महायुद्ध, म्हणजे 'बटलेरियन जिहाद', हा त्या कथांचा विषय. मूळ कादंबरीत ह्या युद्धाला ग्रंथान्तीच्या शब्दसंग्रहात अवघ्या काही ओळी मिळाल्या आहेत. विचार करणाऱ्या यंत्रांविरुद्धचे हे बंड गिल्डपूर्व २०१ मध्ये सुरू होऊन गिल्डपूर्व १०८ मध्ये संपले आणि त्यातून मानवी मनासारखे यंत्र न घडविण्याचा धर्मनिर्बंध उरला, एवढेच तेथे कळते. मूळ कथेचा काळ गिल्डनंतरचे १०१९१ वे वर्ष. म्हणजे ज्या घटनेमुळे त्या जगात संगणक नाहीत, मानवी गणकांची शाळा आहे आणि मसाल्याशिवाय जहाजे चालत नाहीत, ती घटना त्या जगातील माणसांना दहा हजार वर्षांपलीकडची, धूसर आणि केवळ आज्ञेच्या रूपाने उरलेली आहे. ती धूसरता हे त्या जगाचे वास्तव आहे. ती आधीच उजेडात आणली तर पॉलच्या काळातील माणसांपेक्षा वाचकालाच अधिक माहिती होते, आणि मग त्यांची श्रद्धा त्याला केवळ अज्ञान वाटू लागते.

दुसरा मार्ग कोशाचा. विलिस मॅकनेली ह्यांनी संपादिलेला एक ज्ञानकोश १९८४ मध्येच निघाला होता. तो त्या विश्वातीलच कल्पित विद्वानांनी लिहिला आहे अशी बतावणी त्यात केलेली आहे, आणि ती बतावणी मोठी सूचक आहे. कारण त्यामुळे कोशकारही त्या जगातील एक पक्षकार ठरतो. पुढील काळात वाचकांनी तयार केलेल्या संग्रहांत ही सावधगिरी राहिली नाही. तेथे प्रत्येक नोंद सारख्याच ठाम स्वरात बोलते.

तिसरा मार्ग चित्रपटांचा. चित्रपटाला स्वतःची भाषा आहे, आणि दनी व्हिलनव्ह ह्यांच्या चित्रपटांनी वाळू, शांतता व आकारमान ह्यांचा जो प्रत्यय दिला तो नाकारण्याचे कारण नाही. भाषाभ्यासकाला त्यांत आणखी एक आकर्षण आहे : डेव्हिड पीटरसन ह्यांनी त्यांच्यासाठी फ्रेमेनांची 'चाकोब्सा' भाषा व्याकरणासह रचली. तथापि चित्रपट जे दाखवितो ते घडलेच, असे आपण मानतो. हर्बर्टच्या पानावर मात्र घडलेले आणि सांगितलेले ह्यांत अंतर आहे, आणि कादंबरीचा प्राण त्या अंतरात आहे.

३

हे अंतर कसे निर्माण होते ते पाहावयाचे असेल तर कादंबरीची पहिली काही पृष्ठे पुरेशी आहेत. पॉल अंथरुणात पडला आहे. एक वृद्ध धर्ममाता येऊन त्याच्याविषयी काही बोलून गेली आहे. तिच्या बोलण्यातील 'गोम जब्बार' आणि 'क्विसात्झ हॅडेराक' हे शब्द त्याला ठाऊक नाहीत, आणि त्यांचा अर्थ काय असेल ह्या विचारात तो झोपी जातो. म्हणजे ह्या विश्वाशी अनोळखी असलेला पहिला माणूस खुद्द नायकच आहे. वाचकाचे अज्ञान हा येथे दोष नाही. ती कथेने त्याला दिलेली जागा आहे. शब्दसंग्रह उघडून ते दोन शब्द तत्काळ पाहणारा वाचक ती जागा स्वतःहून सोडतो.

ह्याहून महत्त्वाचा प्रसंग मेप्स ह्या वृद्ध दासीचा आहे. आट्रेडीझ कुटुंब अराकिसवर नुकतेच आले आहे. मेप्स जेसिकाला एक पाते दाखविते आणि त्याचा अर्थ विचारते. उत्तर चुकले तर ती जेसिकाला तेथेच मारणार आहे. जेसिका ही बेने गेसेरिट ह्या स्त्रीसंघाची शिष्या. ह्या संघाने अनेक ग्रहांवर शतकानुशतके भाकिते आणि दंतकथा हेतुपुरस्सर पेरून ठेवल्या आहेत, जेणेकरून संकटात सापडलेल्या एखाद्या शिष्येला त्यांचा आधार घेता यावा. जेसिका त्या पेरलेल्या कथेचा अंदाज घेत बोलू लागते. ते पाते मृत्यूचे 'घडविणारे' आहे असे काहीतरी तिला म्हणावयाचे असते. पण 'घडविणारा' एवढाच शब्द तिच्या तोंडून बाहेर पडतो आणि मेप्स किंचाळून उठते. कारण फ्रेमेनांच्या परिभाषेत 'घडविणारा' म्हणजे त्यांचा पवित्र वाळूकिडा, आणि ते पाते त्याच्याच दाताचे केलेले आहे. जेसिका हे ओळखून गप्प राहते. एका अर्धवट वाक्यामुळे ती भाकितातील स्त्री ठरते.

भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला ह्याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही. वक्त्याने एक अर्थ योजला, श्रोत्याने दुसरा घेतला आणि त्या दोहोंच्या फटीतून एक धर्म उभा राहिला. पुढे कोट्यवधी माणसे ज्या श्रद्धेपायी मरणार, तिच्या मुळाशी ही अशी एक शाब्दिक योगायोगाची घटना आहे. प्रस्तुत लेखकाने विद्यार्थिदशेत हा ग्रंथ प्रथम वाचला तो शेवटून, म्हणजे आधी शब्दसंग्रह आणि मग कथा अशा शिस्तीने. शब्दसंग्रहात 'घडविणारा' ह्या नोंदीपुढे 'शाई-हुलूद पाहा' असा निर्देश आहे, आणि शाई-हुलूद म्हणजे वाळूकिडा हे त्यामुळे आधीच ठाऊक झाले होते. परिणामी मेप्सच्या प्रसंगाशी आल्यावर जेसिकाने योग्य उत्तर दिले, एवढाच बोध झाला. ते उत्तर नव्हतेच, ती एक निसटती चूक होती, हे दुसऱ्या वाचनापर्यंत लक्षात आले नाही. कोशाने अर्थ दिला आणि प्रसंग हिरावून घेतला.

तिसरे उदाहरण राजकन्या इरुलानचे. प्रत्येक प्रकरणाच्या शिरोभागी त्या विश्वातील ग्रंथांतील उतारे दिलेले आहेत, आणि त्यांतील बहुतेक तिच्या नावावर आहेत. पहिल्याच उताऱ्यात ती आरंभाच्या वेळी तोल सांभाळण्याचा उपदेश करते, आणि पॉल जरी कॅलडन ग्रहावर जन्मला तरी त्याचे स्थान अराकिस हेच मानावे असे बजावते. हा आवाज वाचकाला प्रथम तटस्थ इतिहासकाराचा वाटतो. ती पराभूत सम्राटाची कन्या आहे आणि विजेत्याची केवळ नावापुरती पत्नी होणार आहे, हे हळूहळू उलगडत जाते. प्रत्यक्ष पात्र म्हणून ती अगदी अखेरीस येते. त्या वेळी मागील सर्व उतारे नव्याने वाचावेसे वाटतात. जिने हे लिहिले तिला काय मिळवावयाचे होते, हा प्रश्न तेव्हा उभा राहतो. परिशिष्टांतील घराण्यांची माहिती आधी वाचणाऱ्याला तो प्रश्न त्या तीव्रतेने पडूच शकत नाही.

४

ह्या विश्वाच्या परिभाषेकडे आता स्वतंत्रपणे वळू. हर्बर्ट हा भाषा घडविणारा लेखक नव्हे. टोल्किनसारखी ध्वनिनियमांसह रचलेली भाषा त्याच्याजवळ नाही. तो शब्द उसने घेतो. अरबी, फारसी, हिब्रू, संस्कृत असे मिळतील तेथून घेतो. त्याचे कौशल्य आहे ते घेतलेल्या शब्दाचा अर्थ बदलण्यात. हजारो वर्षे लोटली आहेत हे तो वर्षांचे आकडे देऊन सांगत बसत नाही. शब्दांची झीज दाखवून सांगतो.

येथे मराठी वाचकाची स्थिती काहीशी असाधारण आहे. बहमनी राजवटीपासून पेशवाईच्या अखेरीपर्यंत दरबार, दफ्तर आणि दर्गे ह्यांच्याद्वारे जे अरबी-फारसी शब्द मराठीत आले, त्यांतील अनेक शब्द त्याला 'ड्यून'च्या शब्दसंग्रहात भेटतात. माधवराव पटवर्धन ह्यांचा १९२५ चा 'फार्शी-मराठी कोश' शेजारी ठेवून हा शब्दसंग्रह चाळला तर एक रंजक तौलनिक अभ्यास घडतो. काही शब्द पाहू.

'पादशहा' ही सम्राटाची पदवी बखरी वाचलेल्या कोणालाही परकी नाही. 'लिसान अल-गैब' हे पॉलला दिलेले उपनाम. त्यातील 'गैब' म्हणजे अदृश्य, परोक्ष. त्याच शब्दकुळातील 'गायब' हा आपला रोजचा शब्द आहे. फ्रेमेनांच्या परिभाषेत मात्र ह्या उपनामाचा अर्थ बाहेरच्या जगाकडून आलेला आवाज असा स्थिरावला आहे. 'करामा' म्हणजे त्यांच्याकडे चमत्कार. अरबीत हा शब्द साधुपुरुषाच्या अलौकिक कृत्याला लावतात. मराठीत 'करामत' हातचलाखीपर्यंत खाली उतरली. 'बराका' हा त्यांच्याकडे मांत्रिक सामर्थ्य असलेला जिवंत सत्पुरुष, तर आपली 'बरकत' दुकानात आणि धान्याच्या कणगीत नांदते.

'औलिया'चे उदाहरण तर अधिकच उद्बोधक आहे. मूळ अरबी शब्द 'वली' ह्याचे अनेकवचन. मराठीने ते एकवचन समजून 'अवलिया' केला आणि त्याला कलंदर, बेफिकीर सत्पुरुषाचा अर्थ दिला. हर्बर्टच्या भटक्या झेन्सुन्नी पंथातही ते एकवचनच झाले आहे. पण तेथे ती ईश्वराच्या डाव्या हाताशी बसणारी स्त्री आहे. दोन ठिकाणी, एकमेकांचा काही संबंध नसताना, त्याच अनेकवचनाचे एकवचन झाले. उसन्या शब्दाचे व्याकरण घेणारा समाज क्वचितच जपतो, ह्या सर्वपरिचित निरीक्षणाला ही कादंबरी अशी पुष्टी देते.

'अदब' हा शब्द आपल्याकडे दरबारी शिष्टाचाराचा आणि आदराचा. फ्रेमेनांचा 'अदब' म्हणजे आपोआप मनावर चालून येणारी, टाळता न येणारी स्मृती. ह्याच धातूपासून अरबीत 'मुअद्दिब' म्हणजे शिक्षक हा शब्द होतो, आणि पॉलने घेतलेले 'मुआदिब' हे नाव त्याच्याशी जुळते. कथेत हे वाळवंटातील एका लहान उंदराचे नाव आहे. फ्रेमेन त्या उंदराला मुलांचा गुरू म्हणतात असे स्टिल्गार सांगतो, तेव्हा मूळ अर्थ हजारो वर्षांच्या वाळूखालून क्षणभर वर येतो. संस्कृत शब्दही ह्यातून सुटलेले नाहीत. बेने गेसेरिटांच्या शरीरसाधनेला 'प्राण-बिंदू' म्हणतात. शब्दसंग्रहाप्रमाणे तेथे 'प्राण' म्हणजे प्रशिक्षणयोग्य स्नायू आणि 'बिंदू' म्हणजे मज्जासंस्था. आपल्याकडे जो श्वासाहून सूक्ष्म, तो तेथे मांसपेशीत उतरला आहे.

हे ओळखीचे चेहरे मराठी वाचकाला आत घेतात, आणि चकवितातही. 'नायब' हा शब्द घ्या. नायब तहसीलदाराची सवय असलेला वाचक फ्रेमेनांचा नायब स्टिल्गार हा कोणाचा तरी दुय्यम असावा असे गृहीत धरील. शब्दसंग्रहानुसार नायब म्हणजे शत्रूच्या हाती जिवंत न सापडण्याची शपथ घेतलेला; तो टोळीचा प्रमुखच आहे. हा शब्द हर्बर्टकडे कोठून आला असावा ह्याचा मागही लागतो. लेस्ली ब्लांच ह्या लेखिकेचा, कॉकेशसमधील इमाम शमिलच्या रशियाविरुद्धच्या युद्धाचा इतिहास १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. शमिलचे प्रांताधिकारी 'नायब' म्हणवीत, आणि 'चाकोब्सा' हे तेथील शिकाऱ्यांच्या गुप्त बोलीचे नाव हर्बर्टने त्याच ग्रंथावरून उचलले. दिल्ली-विजापूरकडून आपल्याकडे आलेला आणि कॉकेशसच्या डोंगरांतून अराकिसवर गेलेला शब्द एकच. त्यांची अर्थयात्रा वेगळी. जेसिकाला अवगत असलेल्या भाषांत 'भोतानी जिब' हे एक नाव येते, आणि ते वाचून 'जीभ' आठवल्यावाचून राहत नाही. पण सादृश्य म्हणजे व्युत्पत्ती नव्हे, हे आपण पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला शिकवितो. ते येथेही विसरू नये.

ह्यावरून पद्धतीचा एक मुद्दा निघतो. सोस्यूरने भाषेची तुलना बुद्धिबळाच्या डावाशी केली होती. मध्येच येऊन पटाकडे पाहणाऱ्याला डावाची स्थिती तितकीच पूर्णपणे कळते, जितकी ती आरंभापासून पाहणाऱ्याला कळते. भाषा शिकणारे मूल व्युत्पत्ती शिकून मग बोलावयास लागत नाही. त्याचप्रमाणे कल्पित विश्वातही आधी एककालिक प्रवेश करावा, म्हणजे एका क्षणी शब्द कसे वापरले जातात, कोण कोणाला कोणत्या नावाने हाक मारतो, कोणता शब्द ऐकून कोण दचकतो हे पाहावे. कालक्रमिक ज्ञान त्यानंतरचे. पूर्वकथा आणि कोश आधी वाचण्याचा आग्रह म्हणजे मुलाला बोबडे बोलू देण्याआधी त्याच्या हाती निरुक्त देण्यासारखे आहे.

५

ह्या प्रतिपादनावर एक गंभीर आक्षेप संभवतो. वाळवंट म्हटले की अरबी शब्द आणि अरबी शब्द म्हटले की धर्मयुद्ध, हे समीकरण हर्बर्टने पाश्चात्य वाचकाच्या पूर्वग्रहातूनच उचलले नाही काय? आणि बाहेरून आलेला गोरा राजपुत्र स्थानिकांचा तारणहार होतो, ही साम्राज्यवादी कल्पनाच नव्हे काय? ह्या आक्षेपात तथ्य आहे. फ्रेमेनांच्या बोलण्यातील पुष्कळ शब्द केवळ वातावरणनिर्मितीसाठी आलेले आहेत, आणि शब्दांच्या त्या गर्दीत माणसे कधीकधी सजावटीसारखी भासतात. सम्राटाच्या दरबारातही 'पादशहा'सारखे शब्द आहेत, असा प्रतिवाद करता येतो. पण तो पुरा पडत नाही. २०२१ च्या चित्रपटात 'जिहाद' हा शब्द गाळून 'पवित्र युद्ध' अशा अर्थाचा इंग्रजी शब्दप्रयोग आला. त्याने अडचण टळली, सुटली नाही. मूळ शब्दाची जी अनेकपदरी छाया हर्बर्टला हवी होती, तीही त्याबरोबर गेली.

आक्षेपाच्या दुसऱ्या भागाला मात्र ग्रंथातच उत्तर आहे, आणि ते पहिल्या पुस्तकात अर्धेच सापडते. तारणहाराची कथा बाहेरून पेरलेली आहे, पॉलला ते ठाऊक आहे आणि ठाऊक असूनही तो ती वापरतो, एवढे 'ड्यून' सांगते. त्याचा हिशेब 'ड्यून मेसाया' ह्या १९६९ च्या दुसऱ्या कादंबरीत मांडला जातो. बारा वर्षांनंतर पॉल सम्राट आहे आणि त्याच्या नावाने चाललेल्या युद्धात एकसष्ट अब्ज माणसे मेली आहेत. हा आकडा तो स्वतः उच्चारतो, आणि चंगीझखान व हिटलर ह्यांच्या संहाराशी ताडून पाहतो. 'ॲनालॉग'चा संपादक जॉन कॅम्बेल ह्याने पहिली कादंबरी छापली होती. दुसरी त्याने नाकारली, आणि ती 'गॅलक्सी' मासिकात आली. विजयी वीराची कथा हवी असलेल्या वाचकाचा अपेक्षाभंग कसा झाला असेल, ह्याची त्यावरून कल्पना येते.

म्हणून पहिले पुस्तक वाचून थांबणे आणि कोश वाचून आरंभ करणे, ह्या दोन्ही चुका एकाच जातीच्या आहेत. दोहोंतही वाचक सांगितलेल्या कथेवर विश्वास ठेवून मोकळा होतो, म्हणजे फ्रेमेन होतो. आपल्या एका चर्चासत्रात एका विद्यार्थ्याने आट्रेडीझ आणि हार्कोनेन घराण्यांची वंशावळ अनेक पिढ्यांपर्यंत तोंडपाठ म्हणून दाखविली. 'हे तुम्हांला कोण सांगते?' असे विचारल्यावर तो गोंधळला. प्रश्न त्याला अनपेक्षित होता. त्याची स्मरणशक्ती निःसंशय उत्तम होती. पण जो प्रश्न इतिहासाच्या, लोककथेच्या आणि पोथीच्या प्रत्येक अभ्यासकाने पहिल्याप्रथम विचारावयाचा, तो माहितीच्या ढिगाखाली दबला होता. हल्ली कोणत्याही ग्रंथाचा सारांश ग्रंथाआधी हाती येतो. अशा काळात हा दोष एका विज्ञानकादंबरीपुरता राहत नाही.

६

वरील विवेचनावरून नवागतासाठी पुढील क्रम सुचवावासा वाटतो.

प्रथम १९६५ ची कादंबरी वाचावी, परिशिष्टे न उघडता. एखादा शब्द अडला तर पॉलप्रमाणे तो काही काळ मनात घोळवावा. बहुतेक शब्द दोन-तीन प्रसंगांत आपला अर्थ स्वतःच सांगतात. प्रकरणारंभीचे उतारे वगळू नयेत. प्रत्येकाखालील लेखकाचे नाव व ग्रंथनाम पाहण्याची सवय ठेवावी. कादंबरी संपल्यावर परिशिष्टे घ्यावीत. अराकिसचे पर्यावरण, धर्म, बेने गेसेरिटांचे हेतू व राजघराणी अशी ती चार आहेत, आणि मग शब्दसंग्रह व नकाशाच्या टिपा येतात. पहिले परिशिष्ट विशेष मननीय आहे. १९५७ मध्ये ओरेगॉन राज्यातील फ्लॉरेन्स गावाजवळ सरकत्या वाळूला गवत लावून रोखण्याचा सरकारी प्रयोग हर्बर्टने पाहिला होता, आणि त्यावर लिहावयास घेतलेला लेख कधी प्रसिद्ध झाला नाही. कादंबरीचे बीज तेथे आहे. तिसरे परिशिष्ट वाचताना तो अहवाल संघाच्याच प्रतिनिधींनी जेसिकाच्या सांगण्यावरून तयार केलेला आहे, हे ध्यानात ठेवावे. आपल्याच संस्थेच्या अपयशाची चौकशी करणारे कागद कसे लिहिले जातात, हे कोणत्याही दफ्तराच्या अभ्यासकाला ठाऊक असते.

त्यानंतर 'ड्यून मेसाया' लगेच वाचावी. ह्या दोन मिळून एक युक्तिवाद पूर्ण होतो, आणि वेळ थोडा असेल तर येथे थांबण्यास हरकत नाही. १९७६ ची तिसरी कादंबरी त्या कुटुंबाची कथा संपविते. १९८१ ची चौथी साडेतीन हजार वर्षे पुढे जाते आणि पुष्कळशी चिंतनपर आहे. ती सर्वांना रुचेल असे नाही, परंतु स्वतःचा कथासंभार स्वतःच नियंत्रित करणारा राज्यकर्ता पाहावयाचा असेल तर ती वाचलीच पाहिजे. पाचवी व सहावी त्यानंतर. पूर्वकथा, उत्तरकथा आणि ज्ञानकोश ह्यांकडे सर्वांत शेवटी वळावे. तोवर वाचकाच्या अंगी इतकी सावधगिरी आलेली असते की, त्यांतील ठाम विधानांनाही तो साक्षीदाराच्या जागी उभे करील. चित्रपट पहिल्या वाचनानंतर केव्हाही पाहावेत.

शेवटी एक सूचना अध्यापकांसाठी. हा ग्रंथ वर्गात घ्यावयाचा झाल्यास पहिल्या तासाला पार्श्वभूमी सांगण्याचा मोह आवरावा. मेप्सचा प्रसंग मोठ्याने वाचून दाखवावा, जेसिकाच्या अर्धवट शब्दापाशी थांबावे आणि ती काय म्हणणार होती असे विचारावे. उत्तरे चुकतील. त्या चुकांची फळ्यावर यादी करावी आणि मगच पुढचे पान उलटावे.